लेझर, स्पेक्ट्रा आणि जीवाणूंची ओळख: मॉडेल नेमकं काय शिकतं?

निळाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी लिब्ज, म्हणजे लेझर-इंड्यूस्ड ब्रेकडाउन स्पेक्ट्रोस्कोपी वापरते, पण आजवर फक्त मिश्रधातूंवर. पोलादात क्रोमियम किती, निकेल किती, स्पेक्ट्रममधल्या, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरलेल्या उजेडातल्या, रेषांची तीव्रता बघून सांगायचं, असं ते काम. आता जीवाणूंवरच्या एका प्रकल्पात सामील झाले आहे आणि दोन प्रश्न पिच्छा सोडत नाहीत.

एक म्हणजे लिब्ज फक्त मूलद्रव्यं दाखवतं. सगळे जीवाणू कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस याच मालाचे बनलेले. मग मूलद्रव्यांवरून ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस वेगळे कसे पडतात?

दुसरा प्रश्न जास्त छळतो. जो शोधनिबंध उघडावा त्यात रंगीत ठिपक्यांचे (एक ठिपका म्हणजे एक स्पेक्ट्रम) सुटे सुटे पुंजके आणि ९५ टक्क्यांच्या पुढची अचूकता. इतकं छान जमत असेल तर रुग्णालयांच्या प्रयोगशाळा अजून प्लेटवर कॉलनी वाढायची वाट का बघतात?

---

ठिणगी

पहिल्या प्रश्नाच्या भौतिकीबद्दल लिहितो. बहुतेक जण एनडी-याग लेझरचा १०६४ नॅनोमीटरचा पल्स वापरतात. काही नॅनोसेकंदांचा, काही मिलिज्यूल ते काही दशक मिलिज्यूल ऊर्जेचा. तो बारीक ठिपक्यावर एकवटला की तिथला माल उडतो, रेणू पार मोडतात आणि हजारो केल्विनचा प्लाझ्मा तयार होतो. सुरुवातीचा उजेड नुसता पांढरा, सलग असतो. त्यात रेषा बुडालेल्या असतात, म्हणून डिटेक्टर साधारण एखादा मायक्रोसेकंद उशिरा उघडायचा. हे तुम्हाला माहीतच आहे, धातूंनाही तेच करता.

जीवाणूंमध्ये बघायच्या रेषा मात्र वेगळ्या (आकडे नॅनोमीटरमध्ये). मॅग्नेशियमच्या आयनाच्या २७९.६ आणि २८०.३, उदासीन मॅग्नेशियमची २८५.२, कॅल्शियमच्या आयनाच्या ३९३.४ आणि ३९६.८, फॉस्फरसच्या २१३.६, २१४.९, २५३.६ आणि २५५.३, कार्बनची २४७.९, सोडियमची ५८९ची जोडी. ओळख पटवायचा सगळा भार या मोजक्या रेषांवर. कार्बन ढिगानं असतो, पण तो सगळ्यांतच असतो.

एक सावधगिरी. २८०.३ आणि २८५.२ या दोन मॅग्नेशियम रेषांचं गुणोत्तर वरवर फार आकर्षक दिसतं, कारण ते गटागटांत बदलतं. पण ते मुख्यतः प्लाझ्माचं तापमान आणि इलेक्ट्रॉनांची घनता सांगतं. लेझरची ऊर्जा ढळली किंवा फोकस थोडा वरखाली झाला की ते हलतं, जीवाणू तोच असला तरी. वर्गीकरणात ते वापरायचंच असेल तर काय मोजतो आहोत याचं भान ठेवून वापरा.

---

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्राकडून. निळाई, मूलद्रव्यं तीच असली तरी त्यांचं प्रमाण आणि जागा वेगळी असते, आणि त्याचं कारण पेशीच्या भिंतीत आहे.

ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळा रंग न धरणाऱ्या, जीवाणूंना बाहेरचं एक आवरण असतं. त्याच्या बाह्य थरात लिपोपॉलिसॅकराइडचे रेणू दाटीनं बसलेले, आणि त्यांच्यावरचे ऋणभार एकमेकांना ढकलत असतात. ते जागेवर राहतात ते मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या द्विभारित आयनांमुळे. हे आयन ईडीटीए या आयन पकडणाऱ्या रसायनानं ओढून काढले की आवरण ढिलं पडतं. ग्रॅम-पॉझिटिव्हमध्ये हे आवरणच नाही. तिथे जाड पेप्टिडोग्लायकन आणि त्यात टायकोइक आम्लांच्या साखळ्या, ज्यांच्या कण्यात फॉस्फेट असतं. ग्रॅमनं १८८४ साली रंग वापरून जो भेद दाखवला, त्याची सावली मूलद्रव्यांतही पडते ती अशी.

बॅसिलसचे बीजाणू आणखी ठळक. त्यांच्या गाभ्यात कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांचं संयुग भरलेलं असतं, कोरड्या वजनाच्या साधारण दहा टक्के. कॅल्शियमची रेषा तिथे उसळते. अमेरिकेत २००१ साली अँथ्रॅक्सची, म्हणजे एका बॅसिलसच्याच बीजाणूंची, पाकिटं टपालातून गेली, त्यानंतर बीजाणू झटपट ओळखण्याच्या संशोधनाला जोर आला, त्यातही लिब्जचा विचार झाला.

पण याच मुद्द्यात माझी काळजीही आहे. मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम हे सगळं कल्चर माध्यमातही, म्हणजे जीवाणू ज्यात वाढवतात त्यातही, असतं. पेशी धुतल्या नाहीत तर तुम्ही जीवाणूऐवजी त्याचा खुराक मोजाल. आणि ऊर्ध्वपातित पाण्यानं फार धुतल्या तर पेशींना ऑस्मोटिक धक्का बसतो, आतले आयन बाहेर येऊ शकतात. धुण्याची पद्धत, किती वेळा, कुठल्या पाण्यानं, सेंट्रिफ्यूज किती वेळ, हे सगळ्या प्रजातींसाठी तंतोतंत एकच हवं.

---

अनुनाद

रामनचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून. लिब्ज रेणू फोडून अणू मोजतं, रामन रेणूला हात न लावता त्याची कंपनं ऐकतं. १९२८ साली रामन यांनी हा परिणाम दाखवला तेव्हा लेझर नव्हताच, तो आला १९६०मध्ये. आता ५३२ किंवा ७८५ नॅनोमीटरचा लेझर सूक्ष्मदर्शकातून सोडून एकट्या जीवाणूचा स्पेक्ट्रम घेता येतो. अडचण ही की दहा लाखांत एखादा फोटॉनही रामन-विकिरित होत नाही, आणि पेशीची स्वतःची प्रतिदीप्ती त्या क्षीण सिग्नलवर चढून बसते. ७८५कडे जाण्याचं मुख्य कारण हेच.

स्पेक्ट्रममध्ये फेनिलअॅलॅनिन या अमिनो आम्लाचं धारदार शिखर १००३ प्रति सेंटिमीटरजवळ (रामनमध्ये शिखरांची जागा याच एककात सांगतात), १४५०च्या आसपास मेद आणि प्रथिनांमधले सीएच-दोन गट, १६६०जवळ प्रथिनांचा अमाइड-एक पट्टा. हे प्रत्येक जीवाणूत आहे. फरक असतो तो उंचीत, रुंदीत, खांद्यांत. डोळ्यांना दोन स्पेक्ट्रा सारखेच दिसतात. म्हणून संख्याशास्त्र लागतं.

चांदी-सोन्याच्या नॅनोकणांवर ठेवून सिग्नल कित्येक पटींनी वाढवता येतो, त्याला सर्स म्हणतात. तिथे ७३०च्या आसपास एक मोठं शिखर येतं. ते मुख्यतः अॅडेनिनसारख्या प्युरिन रेणूंचं असतं, आणि उपाशी ठेवलेले जीवाणू हे रेणू बाहेर सोडतात. म्हणजे जे मोजतो त्यातला बराच भाग पेशीच्या भिंतीचा नसून तिच्या चयापचयाचा असतो. ओळखायला ते उपयोगीच आहे, फक्त अर्थ लावताना ध्यानात ठेवावं.

---

रात्रपाळी

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर. लेझर आमच्याकडे आलेला आहे, फक्त वेगळ्या रूपात. माल्डी-टॉफमध्ये कॉलनीचा ठिपका मॅट्रिक्समध्ये, म्हणजे लेझर शोषणाऱ्या रसायनात, कालवून त्यावर अतिनील लेझर मारतात. उडालेल्या प्रथिनांचं वस्तुमान मोजतात, साधारण २००० ते २०००० डाल्टनच्या पट्ट्यात, त्यात बरीचशी रायबोसोमची प्रथिनं. काही मिनिटांत प्रजातीचं नाव येतं. अमेरिकेत नियामकांची मान्यता २०१३पासून आहे. त्यालाही मर्यादा आहेत, ई. कोलाय आणि शिगेला नेहमीच्या पद्धतीनं विश्वासानं वेगळे होत नाहीत, इतके ते जवळचे.

पण कॉलनी त्यालाही लागतेच. वाट बघण्याचं मूळ तिथे आहे. रक्तातल्या जंतुसंसर्गात प्रौढ माणसाच्या एक मिलिलीटर रक्तात कधीकधी दहापेक्षाही कमी जिवंत जीवाणू असतात, आणि त्यांच्याभोवती अब्जावधी तांबड्या पेशी. लेझर कुणावर रोखणार? लिब्जला तर एका पल्सखाली शेकडो-हजारो पेशी लागतात. वाढवण्याची पायरी टळली तरच वेळ वाचतो, आणि ती सहज टळत नाही.

दुसरं असं की डॉक्टरांना नावापेक्षा कुठलं प्रतिजैविक चालेल ते हवं असतं.

---

अनुनाद

रात्रपाळीताई, शेवटच्या मुद्द्याला धरून: २०१९मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या गटानं रामन आणि डीप लर्निंग वापरून ३० जीवाणू-यीस्ट आयसोलेट्सवर (नमुन्यांतून वेगळे काढलेल्या वाणांवर) काम केलं होतं. नेमका आयसोलेट ओळखण्याची अचूकता ८२ टक्क्यांच्या आसपास, पण 'याला कुठलं प्रतिजैविक द्यायचं' अशा गटांत मांडल्यावर ९७ टक्के. ज्या चुका होत होत्या त्यातल्या पुष्कळशा एकाच उपचाराच्या गटात होत होत्या. प्रश्न उपचाराच्या बाजूनं मांडला तर चित्र बदलतं, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

---

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीतल्या मॅग्नेशियमचं उत्तर वाचून पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्यावर अजून ऐकायचंय. पुंजके इतके सुटे दिसतात ते खरे किती? आमच्या गटाकडे तीन प्रजातींचे स्पेक्ट्रा आहेत, प्रत्येक प्रजातीची एकेक प्लेट, प्रत्येकीवरून भरपूर स्पेक्ट्रा. प्रत्येक स्पेक्ट्रममध्ये काही हजार चॅनल, म्हणजे तरंगलांबीचे कप्पे. तीन प्लेटा तीन वेगवेगळ्या दिवशी मोजल्या गेल्यात. यावर पीसीए (मुख्य घटक विश्लेषण) आणि मग डिस्क्रिमिनंट अॅनालिसिस (गट वेगळे पाडणारी पद्धत) लावायचा बेत आहे.

---

विचरण

निळाई, थांबा. मॉडेल लावण्याआधी हे वाचा. मी संख्याशास्त्राचा आहे, आणि तुमच्या शेवटच्या चार वाक्यांत तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर आहे.

तुमच्याकडे तीन प्रजाती, तीन प्लेटा आणि तीन दिवस आहेत. प्रजाती आणि दिवस एकमेकांना चिकटलेले. पहिल्या दिवशी फोकस किंचित वर असेल, दुसऱ्या दिवशी लेझर थोडा मंद, तिसऱ्या दिवशी पेशी ठेवायचा फिल्टर पेपर वेगळ्या गठ्ठ्यातला. मॉडेलला 'हे तीन गट वेगळे कर' एवढंच सांगितलंय. ते दिवस वेगळे करील आणि तुम्हाला वाटेल जीवाणू वेगळे केले. अचूकता ९९ टक्के आली तरी हा संशय फिटत नाही, आणि जगातलं कुठलंही अल्गोरिदम तो फेडू शकत नाही, कारण माहितीच डेटामध्ये नाही. यावर इलाज एकच: प्रत्येक प्रजाती प्रत्येक दिवशी, स्वतंत्र कल्चरमधून, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवून मोजा.

आता 'भरपूर स्पेक्ट्रा'. एका प्लेटवरचे शंभर स्पेक्ट्रा हे शंभर पुरावे नव्हेत. ते एकाच कल्चरचे शंभर फोटो आहेत. तुमचं स्वतंत्र एकक कल्चर आहे, स्पेक्ट्रम नाही. बहुतेक ठिकाणी होतं काय, सगळे स्पेक्ट्रा एकत्र पिसायचे, ८० टक्के शिकवायला, २० टक्के तपासायला. मग तपासणीतल्या प्रत्येक स्पेक्ट्रमचा सख्खा भाऊ शिकवणीत बसलेला असतो. परीक्षेत तोच पेपर. अख्खं कल्चर, शक्यतो अख्खा दिवस बाजूला ठेवा, उरलेल्यावर शिकवा, बाजूच्यावर तपासा, आणि हे आळीपाळीनं करा. आकडा खाली येईल. तो खाली आलेला आकडाच कामाचा.

तिसरी गोष्ट पुंजक्यांची. पीसीएला प्रजातींची नावं माहीत नसतात. ते फक्त सगळ्यात मोठा चढउतार कुठल्या दिशेला आहे ते शोधतं. लिब्जमध्ये तो बहुधा पल्सगणिक बदलणाऱ्या एकूण उजेडाचा असतो. म्हणून पीसीएच्या चित्रात पुंजके सुटे दिसले तर ते जास्त विश्वासाचे, पण कशामुळे सुटे, हे बघायला लोडिंग्ज, म्हणजे कुठल्या रेषेचा वाटा किती ते आकडे, उघडायलाच हव्यात. त्या सोडियमच्या ५८९वर बोट ठेवत असतील तर धुण्यात फरक पडलाय का ते आधी पाहा. सोडियम हाताच्या घामातूनही येतं.

डिस्क्रिमिनंट अॅनालिसिस आणि तिची भावंड पीएलएस-डीए या पद्धतींना मात्र नावं माहीत असतात. ते गट वेगळे दिसावेत म्हणूनच अक्ष वळवतात. चॅनल हजारो आणि स्पेक्ट्रा शंभर-दोनशे असले की कुठल्याही गटांना, अगदी नाणं उडवून पाडलेल्या गटांनाही, सरळ प्रतलानं पूर्ण वेगळं करता येतं. हा भूमितीचा गुण आहे, जीवाणूंचा नाही. त्यामुळे शिकवणीच्या डेटाचं पीएलएस-डीए चित्र हा पुरावाच नव्हे. निबंधात असं एकटं चित्र दिसलं की मी पुढे वाचण्याआधी तपासणी कशी केली ते शोधतो.

एक साधी चाचणी आजच करून बघा. प्रजातींची लेबलं कल्चरांमध्ये अंदाधुंद फिरवा, संपूर्ण प्रक्रिया पुन्हा चालवा, असं शेकडो वेळा. तीन समान गट असतील तर अचूकता तेहतीस टक्क्यांच्या आसपास घुटमळली पाहिजे. सारखी साठ-सत्तर येत असेल तर प्रक्रियेत कुठेतरी गळती आहे, म्हणजे तपासणीची माहिती शिकवणीत झिरपते आहे. अर्थात यासाठी प्रत्येक प्रजातीची अनेक कल्चरं लागतील. तीन प्लेटांवर ही चाचणीच करता येत नाही, आणि नेमकं हेच त्या डेटाबद्दल बरंच सांगून जातं.

---

ठिणगी

विचरण यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. गळतीची एक लपलेली जागा सांगतो. स्मूदिंग, पार्श्वभूमी वजा करणं, एकूण तीव्रतेनं भागणं हे एकेका स्पेक्ट्रमपुरतं असतं, ते विभागणीआधी केलं तरी चालतं. पण सरासरी वजा करणं, चॅनलनिहाय प्रमाणीकरण, पीसीए, आणि 'सगळ्यात उपयुक्त रेषा निवडणं' हे सगळ्या डेटाकडे बघून होतं. ते फक्त शिकवणीच्या भागावर करायचं आणि तेच आकडे तपासणीला लावायचे. यातलं रेषा निवडणं सगळ्यात घातक, कारण तिथे उत्तर बघूनच प्रश्न निवडला जातो.

आणि एकूण तीव्रतेनं भागलंत तर एक रेषा वाढली की बाकीच्या आपोआप खाली जातात. फॉस्फरस 'कमी' दिसला म्हणून पेशीत तो कमी आहे असं म्हणू नका.

---

सूक्ष्मदर्शी

माझ्याकडून जीवशास्त्राची भर. स्वतंत्र कल्चरं तर घ्याच, पण एकाच प्रजातीचे अनेक स्ट्रेन, म्हणजे वाणही घ्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं सोनेरी रंगद्रव्य कॅरोटिनॉइड जातीचं, ५३२च्या लेझरला ते ११५० ते ११६० आणि १५२०च्या आसपास ठणठणीत शिखरं देतं. मॉडेल तेवढ्यावर ऑरियस ओळखायला शिकतं. मग रंगद्रव्य न बनवणारा स्ट्रेन आला, किंवा कल्चर इतकं कोवळं की रंग अजून भरलेलाच नाही, की अंदाज कोसळतो. प्रत्येक स्ट्रेन वेगवेगळ्या वयाला मोजलात तर हे आधीच कळेल.

माध्यमही बदलून बघा. पोषक आगर आणि रक्त आगर यांच्यावर वाढलेला एकच स्ट्रेन एकाच पुंजक्यात पडतो का? पडला तर मला त्या निकालाबद्दल आदर वाटेल.

---

रात्रपाळी

आणि यादीत नसलेला जीवाणू आला तर? तीनच नावं शिकवलेल्या मॉडेलला चौथा दिला तर ते तिघांपैकी एकाचं नाव ठामपणे सांगेल. आमच्या कामात ही चूक सगळ्यात महाग. 'ओळख पटत नाही' हे उत्तर यंत्राला देता आलंच पाहिजे. माल्डीत गुण ठरावीक पातळीखाली गेले की तसं सांगितलं जातं.

---

विचरण

अगदी बरोबर. त्यासाठी एक प्रजाती शिकवणीतून पूर्ण वगळून फक्त तपासणीत टाकावी आणि मॉडेल तिला नाकारतं का ते बघावं.

रात्रपाळी यांच्या मुद्द्याला जोडून अचूकतेबद्दल. समजा चाचणी खऱ्या संसर्गापैकी ९० टक्के पकडते आणि नसलेल्यांपैकी ९५ टक्के बरोबर सोडते. प्रयोगशाळेत १०० बाधित आणि १०० अबाधित नमुने घेतले तर ९० बरोबर पकडले जातील आणि ५ चुकून. 'आहे' म्हटलेल्या ९५पैकी ९० खरे. छान. आता तीच चाचणी अशा १००० नमुन्यांवर लावा ज्यांत फक्त २० बाधित आहेत. खरे पकडले १८. उरलेल्या ९८०पैकी पाच टक्के, म्हणजे ४९, चुकून. 'आहे' म्हटलेल्या ६७पैकी खरे १८, चारांत जेमतेम एक. चाचणी तीच, लेझर तोच. रुग्णालयं वाट का बघतात, याचं हे एक मोठं कारण, आणि निबंधातल्या समसमान नमुन्यांत ते दिसतच नाही.

---

निळाई

बेत बदलला. आहे त्या तीन प्लेटांचा डेटा फक्त यंत्राची स्थिरता बघायला वापरणार, वर्गीकरणाला नाही. नवीन आखणीत रोज तिन्ही प्रजाती, स्वतंत्र कल्चरं, क्रम यादृच्छिक, आणि रोज नुसत्या फिल्टरचे आणि धुण्याच्या पाण्याचे कोरे स्पेक्ट्रा. त्या कोऱ्या स्पेक्ट्रांवरून दिवस ओळखता आला तर मॉडेलला जीवाणूंची गरजच नव्हती, हे कळेल.

एकच शंका उरते. पल्सनं माल हवेत उडतो. रोगकारक स्ट्रेन उघड्यावर असे उडवणं मला नको आहे. मारलेले जीवाणू वापरले तर निकाल बदलेल का?

---

सूक्ष्मदर्शी

कोऱ्या स्पेक्ट्रांवरून दिवस ओळखून बघायची कल्पना फार आवडली.

मारण्याबद्दल: अतिनील किरणांनी मारलंत तर नुकसान मुख्यतः डीएनएचं होतं, पेशीची चौकट जागेवर राहते आणि अणू कुठे जात नाहीत. लिब्जला अणूच दिसतात, त्यामुळे फरक फारसा पडू नये. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, पेशी फुटू शकतात, आणि नंतर धुतलं तर आतले आयन पाण्याबरोबर जातील. म्हणून आधी धुवा, मग मारा, मग पुन्हा धुऊ नका. मारल्यावर थोडा भाग प्लेटवर पसरून काही वाढत नाही याची खात्री करा, आणि तरीही बंदिस्त कक्षातच पल्स मारा, बाहेर जाणारी हवा हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या, फिल्टरमधून. रामनला हे जसंच्या तसं लागू नाही. उष्णतेनं प्रथिनं उलगडतात आणि अमाइडचा पट्टा सरकतो, तिथे जिवंत आणि मारलेले एका डेटात मिसळू नका.

सुरुवात रोगकारक नसलेल्या स्ट्रेन्सनी करा. ई. कोलायचा के-१२ आणि बॅसिलस सबटिलिस ही जोडी घ्या. एक ग्रॅम-निगेटिव्ह, एक ग्रॅम-पॉझिटिव्ह, आणि बॅसिलसचे बीजाणू वेगळे काढलेत तर कॅल्शियमची रेषा वाढते का हेही ताडून बघता येईल. तिथे काय व्हायला हवं हे आधीच माहीत आहे, त्यामुळे तेवढं जमल्याशिवाय पुढच्या प्रजातीला हात लावू नका.